चवथ असो की चिखलकालो, अंक गुरुवारीच

2023 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मंगळवारी होती, 19 सप्टेंबरला. आधीचा शनिवार-रविवार मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी नेवऱ्या (करंज्या) करण्यात घालवला, सोमवारी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली, आणि गुरुवारी सकाळी हाताला अजून हळदीच्या पानांचा वास होता तेव्हा दर गुरुवारी मेलनं जाणाऱ्या माझ्या न्यूजलेटरच्या एका वाचकाचा शारजाहून निरोप आला : ‘ताई, आज गुरुवार ना? पत्र दिसलं नाही.’

लॅपटॉप फोंड्याच्या घरी राहिला होता. अंक डोक्यात होता, म्हणजे कुठेच नव्हता. तो गुरुवार गेला. आमचा गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे परत येऊन घर लावेपर्यंत पुढचाही गेला. तिसऱ्या गुरुवारी बसले, पण दोन अंक चुकल्याची माफी कोणत्या शब्दांत मागावी यातच संध्याकाळ संपली. पत्र पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

माझं न्यूजलेटर छोटं आहे. गोव्यातल्या जत्रा, उत्सवी नाटकं, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), जुनी घरं, खाणंपिणं. वाचक सातशेच्या आसपास, निम्मे इथले, बाकीचे मुंबई-पुण्याला आणि आखातात, थोडे लंडन-लिस्बनला. दिवसा मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे पत्राला मिळतो तो उरलासुरला वेळ. त्या दिवाळीनंतर मी सगळी पद्धत बदलली. माझी चूक आळसाची नव्हती. मी वेळापत्रक ठरवलं होतं ते माझ्या चांगल्या आठवड्याकडे बघून, आणि मोडलं ते वाईट आठवड्यात. वेळापत्रक वाईट आठवड्याच्या मापानंच शिवावं लागतं. ते कसं, ते सांगते.

आधी एक अंक घड्याळ लावून करा

किती वेळ लागतो याचा आपला अंदाज नेहमी कमी असतो. मला वाटायचं, तीन तास. मग सलग चार अंकांना प्रत्येक कामाची वेळ वहीच्या मागच्या पानावर लिहिली. विषय ठरवणं पाऊण तास. फोन आणि विचारपूस एक तास. पहिला मसुदा अडीच तास. कापाकापी एक तास. मुद्रितशोधन पाऊण तास. मेल पाठवायच्या टूलमध्ये लावणं, चित्रं, चाचणीचा मेल मिळून अर्धा तास. बेरीज साडेसहा.

आता दुसरा आकडा. गेल्या वर्षातला सगळ्यात ओढाताणीचा आठवडा आठवा : घरात आजारपण, मुलांची परीक्षा, ऑफिसात वर्षअखेर, चवथ. त्या आठवड्यात तुम्हाला मोकळे किती तास मिळाले? माझे दोन. साडेसहा तासांचं काम दोन तासांत बसणार नाही, हे कळायला गणित लागत नाही; तरी वर्षभर मी ते बसवत होते.

इथे तीन वाटा आहेत. अंक लहान करा, अंतर वाढवा किंवा आधी करून ठेवलेला मजकूर हाताशी बाळगा. मी तिन्ही थोड्या थोड्या केल्या. दीड हजार शब्दांवरून सातशेवर आले. एकाही वाचकानं तक्रार केली नाही, हे जरा लागलंच मनाला. आणि पहिलं एक वर्ष साप्ताहिकाऐवजी महिन्यातून दोनदा काढलं.

महिन्यातून दोनदा काढायचं असेल तर ‘दर पंधरा दिवसांनी’ असं जाहीर करू नका. वाचकाला गेला अंक कधी आला होता ते आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. ‘पहिला आणि तिसरा गुरुवार’ म्हणा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल असं हवं. आणि सुरुवात नेहमी विरळ ठेवा. महिन्यातून दोनदा म्हणून दर आठवड्याला काढायला लागलात तर लोक खूश होतात. दर आठवड्याला म्हणून दोनदा काढलंत तर तेच दोन अंक कमी वाटतात.

वार आणि वेळ

म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. तो कधी असतो असं बार्देशात कोणी विचारत नाही. पोदेर (पाववाला) सकाळी किती वाजता येतो हेही आपण घड्याळात बघत नाही. भोंपू ऐकू आला की पिशवी घेऊन दाराशी जायचं. पत्राला हीच सवय लावायची असते. त्यामुळे ‘मेल उघडण्याची सर्वोत्तम वेळ’ शोधण्यात फार दिवस घालवू नका. मी घालवले आहेत. मंगळवार सकाळ की रविवार दुपार यानं जो फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक तोच वार आणि तीच वेळ सहा महिने टिकवल्यानं पडतो.

वार निवडताना स्वतःकडे बघा. मला लिहायला शनिवार-रविवार मिळतो, मग सुधारायला दोन-तीन दिवस हवेत, म्हणून गुरुवार. सकाळचे साडेसात, कारण तेव्हा दुबई-शारजात सहा वाजलेले असतात आणि तिथले लोक कामाला निघायच्या आधी फोन बघतात. दुबई-शारजाशी आपला दीड तासाचा फरक बाराही महिने तोच राहतो. लंडन-लिस्बनचा मात्र मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो : उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. त्यांच्यासाठी मी काही करत नाही. ते उठले की वाचतात.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा जपून घ्या. 2021 मध्ये ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे माणसानं न उघडलेले मेलही उघडलेले म्हणून मोजले जातात. मी उत्तरं मोजते. गुरुवारी दुपारपर्यंत पाच-सहा जणांनी काहीतरी लिहिलं की अंक पोहोचला असं धरते.

आठवडा उलटा लावायचा

गुरुवारी सकाळी अंक जायचा असेल तर गुरुवारला काहीही काम ठेवायचं नाही. माझी पूर्वीची सगळी फजिती बुधवारी रात्री अकरानंतरची आहे.

शुक्रवारी विषय ठरतो. मी एकच वाक्य लिहिते : या अंकात वाचकाला काय कळेल? ते वाक्य जमलं नाही तर विषय अजून पिकलेला नाही, दुसरा घ्यायचा. ‘म्हार्दोळच्या जायांबद्दल’ (जाईच्या फुलांबद्दल) हा विषय नाही. ‘म्हार्दोळची जायो गुंफणाऱ्या बाईचा दिवस पहाटे कितीला सुरू होतो’ हा विषय आहे. शनिवारी फोन आणि विचारपूस, रविवारी मसुदा, एका बैठकीत, वाईट झाला तरी शेवटपर्यंत. सोमवारी त्याला हात लावायचा नाही. ही सुट्टी मला नाही, मजकुराला लागते. मंगळवारी कापायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि रात्री नऊला पान सोडायचं.

‘पान सोडणं’ हा वर्तमानपत्राच्या कचेरीतला शब्द. पान छपाईला गेलं की गेलं. मग संपादकाला कितीही सुंदर शीर्षक सुचो, ते उद्याच्या अंकासाठी. घरी बसून पत्र काढणाऱ्याला पान सोडायला लावणारं कोणी नसतं, म्हणून तो बुधवारी रात्रीपर्यंत एकच परिच्छेद वर-खाली करत बसतो. मंगळवारी नऊनंतर मी फक्त चुका सुधारते. नवं सुचलं तर वहीत. अर्ध्याहून जास्त वेळा ते बुधवारी वाचल्यावर सुमारच निघतं.

बुधवारी संध्याकाळी अंक टूलमध्ये लावते. सबस्टॅक, मेलचिंप, बटनडाउन, काहीही चालेल. निवडीत महिना घालवू नका. साध्या जीमेल खात्यातून मात्र नको, तिथे दिवसाला 500 जणांची मर्यादा आहे आणि नाव कमी करायचा दुवा आपोआप जात नाही. अंक लावून झाला की स्वतःला चाचणीचा मेल पाठवा आणि तो फोनवर वाचा, लॅपटॉपवर नको. तुमचे वाचक फोनवर आहेत.

मराठी पत्राला या टप्प्यावर दोन खास दुखणी आहेत.

एक, जुन्या फॉन्टचं. देवस्थानाची स्मरणिका किंवा नाटकाची पत्रिका प्रेसमधून येते ती बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नसते. उचलून चिकटवली की अगम्य चिन्हांचा चिवडा होतो. रूपांतर केल्यावरही रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘ऱ्या’ तुटतो, जोडाक्षरं फुटतात. हे काम अर्ध्या तासाचं आहे असं वाटतं आणि दोन तास खातं. म्हणून ते शनिवारचं काम, बुधवारचं नव्हे.

दुसरं, वजनाचं. जीमेल साधारण 102 केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण मेसेज पाहा’ असा दुवा ठेवतं. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजायचे. ‘गोंय’ हा एवढासा शब्द, पण ग, ओकार, अनुस्वार आणि य मिळून बारा बाइट. नुसता सातशे शब्दांचा मजकूर तरीही मर्यादेच्या खूप आत राहतो. पण वर्डमधून चिकटवला की न दिसणारी सजावट सोबत येते आणि मेल फुगतो. कापला गेलेला भाग असतो तळाचा, आणि नाव कमी करायचा दुवाही तळालाच असतो. तो न दिसलेला माणूस सरळ ‘स्पॅम’वर बोट ठेवतो. तेव्हा मजकूर आधी साध्या टेक्स्टमध्ये आणा, मग टूलमध्ये.

सगळं ठीक दिसलं की रात्री नऊच्या आत गुरुवार, सकाळी साडेसात असं शेड्यूल करायचं. त्याआधी खात्याचा टाइमझोन तपासा. माझ्या पहिल्या टूलमध्ये तो मुळातच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा लावलेला होता. सकाळी साडेसातचा अंक आपल्याकडे रात्री आठला पोहोचला, आणि ‘सुप्रभात’ म्हणून सुरू होत होता.

पुरुमेंत

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीजांकडून आला, सवय जुनी. मे महिन्यात सोलं (कोकमं) वाळतात, मिरच्या, सुकी मासळी, फणसाच्या घोट्या (आठळ्या), पापड भरून ठेवायचे, कारण जूनमध्ये पाऊस लागला की बाजार आपल्या भरवशाचा नसतो. यांत्रिक बोटींची मासेमारीही 1 जून ते 31 जुलै बंद असते. पाऊस येणारच आहे हे माहीत असताना एप्रिलभर आभाळाकडे बघत कोणी बसत नाही.

पत्राचंही असंच. ओढाताणीचा आठवडा येणार हे ठरलेलं आहे. म्हणून दोन अंक कायम पूर्ण तयार हवेत : लिहून, कापून, शीर्षक देऊन, चित्रासकट टूलमध्ये लावलेले, फक्त तारीख घालायची बाकी. ‘जवळजवळ झालाय’ असा अंक मी पुरुमेंतात धरत नाही. ओल्या मिरच्या बरणीत भरल्या तर काय होतं ते माहीत आहे.

काय टिकतं ते ओळखावं लागतं. बातमी टिकत नाही. नाटकाचं परीक्षण पंधरा दिवसांत शिळं होतं. टिकतं ते करण्याचं आणि कारणाचं : सोलं कशी वाळवतात, माटोळीत काय काय बांधतात आणि त्यातलं रानातून काय येतं, कुळागराला पाणी कसं फिरवतात, जत्रेच्या नाटकाची तालीम किती दिवस आधी लागते. वाचकांच्या जुन्या प्रश्नांना उत्तरंही टिकतात.

पण कायमचं काहीच टिकत नाही, म्हणून दर चार महिन्यांनी बरण्या उन्हाला घालायच्या. रायबंदर–चोडण फेरीबोटीवरचा एक अंक मी मोठ्या मायेनं लिहून ठेवला होता. 2025 च्या जुलैत त्या मार्गावर गाड्या थेट चढवून-उतरवून नेणाऱ्या नव्या रो-रो बोटी आल्या आणि माझा अर्धा लेख इतिहासजमा झाला. फेकला नाही, काळ बदलून, दोन परिच्छेद घालून लगेचच्या गुरुवारी काढला. पण न बघता तसाच गेला असता तर चोडणच्या वाचकांनी मला सोडलं नसतं.

पुरुमेंत भरायला वेगळा वेळ काढावा लागतो आणि हाच सगळ्यात अवघड भाग आहे. नेहमीचा अंक करून उरलेल्या वेळात तो होत नाही. मी मे महिन्यात, शाळा बंद आणि उकाड्यानं बाहेर पडवत नाही तेव्हा, चार रविवारांत दोन अंक करते. बाकीच्या वर्षात नियम एवढाच की एक काढला की महिन्याभरात एक भरायचा.

पाहुण्या लेखकांवर मात्र पुरुमेंत उभं करू नका. ‘फाल्यां दितां’ (उद्या देतो) हे वाक्य गोव्यात किती प्रेमळपणे म्हटलं जातं आणि त्या फाल्यांला किती दिवस असतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी पाहुण्याला माझ्या गरजेच्या तीन आठवडे आधीची तारीख देते आणि मजकूर हातात पडेपर्यंत तो अंक नाहीच असं समजते.

वर्षाचा कागद

डिसेंबरात कालनिर्णय समोर घेऊन एका कागदावर पुढच्या वर्षाचे सगळे गुरुवार लिहा. आपले सण तिथीनं चालतात, मेल तारखेनं, आणि ठेच तिथेच लागते. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून बसलात तर फसाल. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती 14 सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक.

माझ्या कागदावर लाल खुणा आहेत : घरच्या देवाची जत्रा, फाल्गुनातला शिगमो, मार्चची परीक्षा, चवथीचा आठवडा आणि त्याच्या आधीचाही, दिवाळीतली नरकासुराची रात्र. त्या गुरुवारी पुरुमेंतातला अंक. हिरव्या खुणा वेगळ्या. आषाढातला माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळायचा उत्सव), माटोळीचा बाजार, हे दिवस पत्राला मजकूर देणारे. गंमत अशी की लाल आणि हिरवं बऱ्याचदा एकाच गुरुवारी येतं. चवथीत लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त असतं आणि लिहायला वेळ सगळ्यात कमी. मी तेव्हा फक्त टिपून ठेवते, लिहिते पुढच्या वर्षासाठी. चवथीचा लेख चवथीच्या दहा दिवस आधी आला तर वाचकाच्या उपयोगी पडतो.

वर्षातून दोन गुरुवार उघड सुट्टीचे ठेवा आणि आधीच्या अंकात एका ओळीत कळवा. सांगून घेतलेली सुट्टी कोणाला खटकत नाही.

चुकलंच तर

चुकेल. गुरुवारी रात्रीपर्यंत जमत असेल तर पाठवा, खुलासा नको. शुक्रवार उजाडला असेल तर सोडून द्या आणि पुढच्या गुरुवारी नेहमीचा अंक पाठवा, वर एक ओळ : ‘गेल्या गुरुवारी अंक निघाला नाही, क्षमस्व.’ त्याहून जास्त नको. वीज नव्हती, पाहुणे होते, ताप होता, हे सगळं खरं असतं, पण वाचकाला ते नको असतं. भरपाई म्हणून दोन अंक एकदम पाठवणं तर मुळीच नको. त्यात पुढच्या आठवड्याचा अंक आजच खर्च होतो.

याला तांत्रिक बाजूही आहे. मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या सूचनांत एकसारख्या गतीनं पाठवा, अचानक लोंढा सोडू नका, असं सांगितलेलं आहे. फेब्रुवारी 2024 पासून नियम आणखी कडक झाले. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायच्या आहेत. सातशे वाचकांत ती मर्यादा ओलांडायला तीन माणसं पुरतात. आणि चार महिने गप्प बसून अचानक मेल पाठवला की ‘ही कोण बाई?’ म्हणणारे तीन तर नक्की निघतात.

म्हणून मोठा खंड पडला असेल तर थेट अंक पाठवू नका. चार ओळींचं पत्र पाठवा : मी कोण, तुम्ही नाव कधी दिलं होतं, आता पत्र कोणत्या वारी येईल, आणि नको असेल तर नाव कमी करायचा दुवा, अगदी वरच. 2023 च्या दिवाळीत मी हे केलं. शंभर-शंभरच्या गटांनी, आठवडाभरात. एकतीस जण गेले. त्यातल्या एका मावशींनी जाताना लिहिलं की त्यांना माझ्या पाककृती आवडायच्या, बाकीचं वाचायला वेळ नाही. मला तोवर वाटत होतं की मी पाककृती देतच नाही.

2025 ची चवथ बुधवारी आली, म्हणजे माझा गुरुवार पंचमीचा. घरात चौदा माणसं. सकाळी साडेसातला भावजी दाराला नव्याची (नव्या भाताची) कणसं बांधत होते, मी आणि जाऊबाई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होतो, आणि लॅपटॉप या खेपेलाही फोंड्यालाच होता, पण मुद्दाम ठेवलेला. अंक गेला. विषय सोलांचा, मे महिन्यात वाळवून ठेवलेला. दहाच्या सुमाराला शारजाहून उत्तर आलं : ‘ताई, सोलांना आगळाचे हात किती वेळा द्यायचे ते लिहिलं नाहीत.’

आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं, खरंच राहिलं होतं. ते पुढच्या गुरुवारी दिलं. पुरुमेंतात एकच अंक उरला होता. दुसरा भरायला, नियम महिन्याचा असूनही, दसरा उजाडला.